पाणी पिणारी गाडी

गाडी विकताना नाना खोटं बोलले नव्हते, फक्त खरं बोलले नव्हते. सदतीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसाला या दोहोंतला फरक बरोबर कळतो, आणि वेळेला उपयोगीही पडतो.

गॅरेजवाल्याने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "नाना, गॅस्केट गेलंय. इंजिन पाणी पितंय. खोलायचं म्हटलं तर गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे घाला." नानांनी पैसे घातले नाहीत. गाडी धुऊनपुसून चकचकीत केली आणि खालच्या मजल्यावरच्या सिस्टरला विकली. बाई एकटी, पोटाला चिमटा काढून पैसे साठवलेले. "जुनं ते सोनं," नाना म्हणाले आणि एकच किल्ली दिली. दुसरी हरवली म्हणून सांगितलं.

विकली खरी, पण मन खाऊ लागलं. म्हणून सिस्टर ड्युटीला निघायच्या आत, भल्या सकाळी, नाना खाली उतरत. बॉनेट उघडून बाटलीभर पाणी ओतत आणि मग बराच वेळ फडक्याने काचा पुसत. कोणी पाहिलंच, तर पुसताना पाहिलेलं बरं. चार महिने हा उद्योग चालला. बायको म्हणे, "आपली होती तेव्हा कधी हात लावला नाहीत, आणि आता केवढी उस्तवार!" आपण पाणी घालतोय तोवर कुणाचंच काही बिघडत नाही, अशी नानांनी स्वतःची समजूत घातली होती.

रविवारी दुपारी सिस्टर वर आली. बायको गच्चीवर कपडे काढायला गेली होती.

"नाना, उद्या आईला आणायला निघालेय. चारशे किलोमीटर. आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने विचारलं, गाडीचं पाणी उतरतं का? म्हटलं, रोज बघून निघते, थेंबभर कमी नसतं. म्हणाला, मग बिनधास्त जा."

'वाटेत थांबून पाणी बघत जा' एवढंच म्हणावं, असं ओठांवर आलं. पण डोळ्यांसमोर घाट आला, बॉनेटमधून निघणारी वाफ आली, मागच्या सीटवरची म्हातारी आली. ते उठले, खणातली ती दुसरी किल्ली काढून तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.



"दुरुस्तीचे सगळे पैसे मी देतो," नाना घाईघाईने म्हणाले.

"ते तर द्यालच. मी बसने जाईन." किल्ली उचलून ती दारापर्यंत गेली आणि वळली. "ही तुमच्याकडे आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचात ना, गाडीतून उतरताना, काचा पुसताना. म्हटलं, जीव आहे गाडीवर, पुसू दे बापडा. किल्ली मागितली तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून गप्प बसले."

ती जिना उतरून गेली. कपड्यांचा ढीग घेऊन बायको आत आली, तर नाना दाराशी उभेच.

"सिस्टर आली होती ना? काय म्हणाली?"

"बापडा म्हणाली," नाना म्हणाले.