शेपटीचे सेकंद

प्रयोगशाळेत त्याला सगळे घरजावई म्हणत. सात वर्षं झाली तरी स्वारीचं हलायचं नाव नव्हतं. मज्जारज्जूत एक न्यूरोपेप्टाइड, म्हणजे मज्जापेशींचं निरोप्या रसायन, दुखण्याची खबर पुढे सरकवतं आणि शरीरानेच बनवलेलं दुसरं एक ती वाटेतच दाबून टाकतं. या दाबणाऱ्याला बळ देणारं औषध आपल्याला सापडलंय, असा त्याच्या प्रबंधाचा दावा होता. उंदराला औषध टोचायचं, शेपटीचं टोक कढत पाण्यात धरायचं आणि ती किती सेकंदांत झटकली जाते ते मोजायचं. अडचण एवढीच, की नुसतं मीठपाणी टोचलेले उंदीरही तितकेच निवांत असत. महिनाअखेर फरक दिसला नाही तर गाशा गुंडाळा, असं सरांनी अत्यंत प्रेमाने सांगितलं होतं.

मग तो प्रथमच शेजारच्या खोलीत गेला. तिथे प्रयोगशाळेच्या मदतनीस मावशी उंदरांना टोचत. सुईआधी त्या प्रत्येकाला तळहातावर घेत, अंगठ्याने पाठ कुरवाळत आणि ‘झालं हं, झालं’ म्हणत. अजून काहीच झालेलं नसे.

“हे रोज करता?”

“मग? तुझ्याकडे पाहुणा आला तर सुई घेऊन दार उघडतोस का?”

त्याने तीन दिवस कुरवाळणं बंद करायला लावलं. मावशींनी तीन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. मीठपाण्याचे उंदीर चटकन शेपट्या झटकू लागले, आणि औषधाचेही. औषध म्हणजे महागडं मीठपाणी निघालं. सात वर्षं काम केलं होतं ते मावशींच्या अंगठ्याने.

सरांनी चष्मा पुसला आणि विषय बदलायला परवानगी दिली. कुरवाळण्याने शरीरातलं ते दाबणारं पेप्टाइडच कामाला लागतं, हा नवा दावा. त्याचा पुरावा म्हणून आता कुरवाळण्याआधी निम्म्या उंदरांना त्या दाबणाऱ्या पेप्टाइडची वाट बुजवणारं औषध द्यायचं होतं. कोणाला काय दिलं हे मावशींना कळता कामा नये, आणि प्रत्येकाला एकच मिनिट कुरवाळायचं.

शेवटच्या दिवशी वाट बुजवलेल्या दहाही उंदरांनी लगेच शेपट्या झटकल्या. पण वेळेची नोंद सांगत होती, की मावशींनी नेमक्या त्याच दहाजणांना तीन-तीन मिनिटं दिली होती. हे अंग सैल सोडत नाहीत, हे अंगठ्याच्या पहिल्या फेरीतच त्यांच्या हाताला कळलं होतं. त्याने कपाळाला हात लावला. मग लक्षात आलं, की तिप्पट कुरवाळूनही आराम पडला नाही, म्हणजे पुरावा उलट पक्काच झाला. हे जसंच्या तसं लिहा, सर म्हणाले, आणि आता खरंच निघा.

त्याने मावशींना आनंदाने सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे या दहाजणांना माझं काहीच पोचलं नाही?”

“नाही. वाट बंद होती.”

“किती वेळ बंद असते?”

“तासभर.”

मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि स्टूल ओढून बसल्या. त्याला घरी फोन करायचा होता, कपाट रिकामं करायचं होतं. तो दुसऱ्या स्टुलावर बसला.

तास भरला तशा त्या उठल्या, एक पिंजरा उघडला आणि दुसरा त्याच्यापुढे सरकवला.

“आधी हात चोळून गरम कर.”