किल्ली त्याच जागी

सकाळी चर्चचा पाळक सर्वांत आधी खिडक्या उघडत असे. रात्रभर बंद राहिलेल्या त्या तळमजल्यावरच्या सभागृहात आदल्या दिवशीच्या यात्रेकरूंच्या ओल्या मोज्यांचा वास मुरलेला असे, आणि तो बाहेर गेल्याशिवाय पवित्र वातावरणाची अपेक्षा करणे धाडसाचे ठरले असते. मग तो घडीच्या खुर्च्या मांडी, दाराजवळच्या पिंपात कुणी विसरून गेलेल्या काठ्या नीट उभ्या करी, माइकवर टिचकी मारून पाही आणि शेवटी बाहेरची पाटी पुसून काढी. पाटीवर लिहिले होते : 'यात्रेकरूंसाठी इंग्रजीतून उपासना व आध्यात्मिक आधार'. तिच्याखाली बाण काढून 'स्वच्छतागृह' असे लिहिले होते, आणि येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आधार वाटे तो या दुसऱ्या ओळीचाच.

मागच्या खोलीत त्याची बायको चहाचे पाणी ठेवी आणि पायांच्या फोडांवर लावायच्या पट्ट्या कापून बशीत रचून ठेवी. आत्म्याचे खाते नवऱ्याकडे आणि टाचांचे आपल्याकडे, अशी वाटणी तिने इथे आल्या आल्याच करून टाकली होती.

टेकडीवरच्या ख्रिस्ती देवळाकडे जगभरातून लोक चालत येत. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, ते पाळकाकडे सहसा फिरकत नसत. ते टेकडीवर फोटो काढून निघून जात. इथे येत ते ज्यांच्या भाषेत त्या गावी कुणीच उपासना चालवत नव्हते ते. सर्वांना थोडीफार येणारी आणि कुणाचीच नसलेली भाषा एवढीच इंग्रजीची पात्रता होती. पाळकाची इंग्रजी मात्र अस्सल होती. ती त्याला वारशाने मिळालेली नव्हती, कमावलेली होती. धर्मशिक्षणाच्या पहिल्या वर्षी त्याच्या एका इंग्रजी वाक्यावर सारा वर्ग खदखदून हसला होता. त्या दिवसापासून त्याने एकही वाक्य तपासल्याशिवाय तोंडातून बाहेर पडू दिले नव्हते.

उपासनेपूर्वी यात्रेकरू आपापली विनंती त्याच्या कानावर घालीत आणि तो ती सर्वांच्या वतीने देवापुढे मांडी. कुणाची लाज उघडी पडू नये म्हणून तो नावे गाळी, तपशील झाकी, आणि उरलेल्या मजकुराचे घोटीव वाक्य करी. नवरा दारू पिऊन मारतो असे सांगणाऱ्या बाईसाठी तो 'विविध बंधनांत अडकलेल्या जिवांची' मुक्ती मागे.

"तुम्ही लोकांच्या दुःखाला इस्त्री करता," बायको एकदा म्हणाली होती. "घडी इतकी छान बसते, की ज्याचं त्याला ओळखू येत नाही."

त्याने ते स्तुती म्हणून घेतले होते.

येत्या रविवारी चर्चचे अधीक्षक येणार होते. पाळकाच्या नेमणुकीची मुदत संपत आली होती, ती वाढवायची की नाही हे ते उपासना ऐकून ठरवणार होते. त्याच आठवड्यात एक मिस्त्री आला.

तो लाद्या बसवणारा होता. त्याचे गुडघे देवापुढे झिजलेले नव्हते, इतरांच्या स्वयंपाकघरांत झिजलेले होते. तरी तो सगळी वाट चालून आला होता.

"फादर," त्याने हाक मारली. आपण फादर नाही, आपल्याला बायको आहे, हे समजावून सांगणे पाळकाने केव्हाच सोडून दिले होते. मिस्त्रीची इंग्रजी फुटक्या लाद्यांसारखी होती. एकेक तुकडा तो उचली, बघी आणि ठेवी.

"माझी मुलगी. मी बोललो, तोंड नको दाखवू. गेली. फोन उचलत नाही. देवाला सांगा, मी शब्द परत घेतो. सांगा, किल्ली त्याच जागी. पायरीजवळ, सैल लादीखाली. ती लादी मी कधी पक्की नाही केली. तिच्यासाठी."

पाळकाने त्याचा हात दाबला. उपासनेत त्याने अगदी पहिली विनंती त्याचीच घेतली : "हे प्रभू, गैरसमजांमुळे दुरावलेल्या सर्व कुटुंबांसाठी सलोख्याची दारे उघड."

उपासना संपली. लोक चहाकडे वळले. मिस्त्री खुर्चीतच बसून राहिला.

"फादर, माझी राहिली."

"नाही हो, झाली की. पहिलीच होती."

"नाही झाली. मी ऐकत होतो."

दुसऱ्या दिवशी पाळकाने अधिक मेहनत घेतली आणि 'करुणेची किल्ली' असा शब्दप्रयोग वापरला. तो त्याचा त्यालाच आवडला. मिस्त्री मात्र काळजीत पडलेला दिसला.

"आज किल्ली आली," तो म्हणाला. "पण ती माझी नाही. दारं पण फार आहेत. माझं दार एक."

"देव शब्दांपलीकडचं ऐकतो," पाळक समजुतीने म्हणाला. "नाहीतर असं करा, तुम्ही स्वतःच सांगा त्याला. तुमच्या भाषेत. मनातल्या मनात."

मिस्त्रीने मान हलवली. "माझ्या भाषेत मी तिला हाकललं. रस्त्यावर, सगळ्यांसमोर. त्या भाषेतलं माझं काही देव आता खरं धरणार नाही. इंग्रजीत मी अजून कुणाला शिवी नाही दिली. आणि मोठ्याने पाहिजे. ते मोठ्याने होतं, हे पण मोठ्याने. रविवारी माझी बस आहे. उपासनेच्या मध्येच निघावं लागेल."

शनिवारी संध्याकाळी बायको कप विसळत होती आणि पाळक टेबलाशी बसून तिसऱ्यांदा वाक्य रचत होता.

"अहो, जेवायला या. देव कुठं पळून चाललाय?"

"देव नाही, तो मिस्त्री चाललाय. आणि अधीक्षक येतायत. त्यांच्यापुढं मी पायरी, किल्ली, सैल लादी असलं बोलू?"

"बोला की. देवाला कळेल. त्याचा मुलगा सुताराच्या घरात वाढला, बांधकामातलं थोडं असेलच कानावर."

"थट्टा नको करूस. अगं, खासगी गोष्ट आहे ती त्याची. आपण झाकायची, की चव्हाट्यावर मांडायची?"

"त्याची झाकताय, की तुमची?"

त्याने पेन खाली ठेवले. तिला आपले बोलणे त्याला जरा जास्तच लागले असे वाटले असावे, कारण तिने हात पुसले आणि त्याच्यापुढे ताट आणून ठेवले. "गार होतंय," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

जेवताना तो कागदाकडे बघत राहिला. वाक्य निर्दोष होते. त्यात मिस्त्री नव्हता, मुलगी नव्हती, आणि जिच्यावर कुणाला हसता येईल अशी एकही जागा नव्हती. इतकी वर्षे यात्रेकरूंची लाज राखतो आहोत असे तो मानत आला होता. त्या वर्गातले हसणे अजून त्याच्याच कानात होते, आणि त्याची किंमत मात्र लोकांच्या विनंत्या चुकवत होत्या. ताट संपेपर्यंत हा हिशोब त्याला टाळता आला नाही.

रविवारी सभागृह भरले. अधीक्षक पहिल्या रांगेत बसले. त्यांच्या मांडीवर पाळकाने स्वतः छापून घेतलेला उपासनेचा क्रम होता, प्रार्थनेच्या वाक्यांसकट. मिस्त्री शेवटच्या रांगेत, पायांशी पिशवी आणि हातात काठी घेऊन. बायकोने वाजवलेल्या गीताचे शेवटचे कडवे संपले. पाळक माइकपाशी आला. त्याने हातातला छापील कागद दुमडून बायबलमध्ये ठेवला.

"हे प्रभू," तो म्हणाला, "इथं एक बाप आला आहे. तो म्हणतो : माझी मुलगी. मी बोललो, तोंड नको दाखवू. गेली. फोन उचलत नाही. मी शब्द परत घेतो."

त्याने ते मिस्त्रीच्याच इंग्रजीत म्हटले. एकही तुकडा सांधला नाही. पहिल्या रांगेत अधीक्षकांनी कागदावरची जागा शोधली, पान उलटले, पुन्हा पहिल्या पानावर आले. पाळकाचे कान तापले. तो पुढे गेला.

"किल्ली त्याच जागी. पायरीजवळ, सैल लादीखाली. ती लादी मी कधी पक्की नाही केली. तिच्यासाठी. आमेन."

मिस्त्री प्रत्येक शब्दाला हनुवटी किंचित खाली घेत होता, लादी पातळीत बसली की नाही हे पाहावे तशी. आमेन झाल्यावर तो गुडघ्यांवर हात दाबून उठला. उपदेश अजून व्हायचा होता, आशीर्वाद व्हायचा होता. त्यांच्याशी त्याचे काही काम नव्हते. पिशवी खांद्याला लावून, काठीचा आवाज होऊ न देता, तो दाराबाहेर गेला.

अधीक्षकांनी मान वर करून पाळकाकडे पाहिले. पाळकाने कागद पुन्हा बाहेर काढला नाही. दुसऱ्या रांगेत एक बाई मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून बसली होती. उपासनेपूर्वी तिने सांगितलेले त्याला आठवले, आणि सांगू का, असे त्याने तिला नजरेनेच विचारले. तिने होकार दिला.

"हे प्रभू," तो म्हणाला, "इथं एक बहीण आली आहे. ती म्हणते..."

आणि ती जे म्हणाली होती, ते त्याने तसेच सांगायला सुरुवात केली.