बोटभर वाढलेला पाय

"वाढतोय! बघा, वाढतोय!"

प्रार्थनासभेच्या तंबूतली दोनशे माणसं बाकांवर चढली होती. पुढे खुर्चीत माझी अकरा वर्षांची ओपल पाय ताणून बसलेली, आणि तिचे दोन्ही बूट हातात धरून प्रार्थनेनं आजार बरे करणारे प्रचारक, ब्रदर हार्लन, गुडघ्यांवर. उजवा पाय बोटभर आखूड आहे, हे त्यांनी आधी सगळ्यांना दाखवलं होतं.

"सैताना, सोड या लेकराचं हाड! सोडतोस की बोलावू वरच्या मालकाला?" ते गरजले, आणि पाहता पाहता टाचा जुळल्या. माझी सासू, मॅमॉ, हुंदके देत होती. मीही रडले. खोटं कशाला सांगू?

तीन महिने पोर गुडघा दुखतो म्हणून कुबड्या घेऊन लंगडत होती. केंटकीच्या आमच्या डोंगरांतून मोठं हॉस्पिटल दीड तासावर. दोनदा गेलो. दारातच तिला चाकांच्या खुर्चीत बसवायचे. तिथला नियमच तसा. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून पुन्हा खुर्चीत. छाती ऐकली, पोट दाबलं, गुडघ्याचा एक्स-रे काढला. "सगळं नॉर्मल. वाढत्या वयात दुखतं हो." मी मान डोलावून परत आले.

"फेक त्या कुबड्या आणि धाव!" ब्रदर म्हणाले. ओपल धावली. पाचव्या पावलाला तिचा चेहरा पांढराफटक पडला. टाळ्यांच्या कडकडाटात तो फक्त मला दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंत धरत धरत आली. "आई, आता जास्त दुखतंय. देव रागावला का गं माझ्यावर?"

"विश्वास कमी पडला असेल पोरीचा," मॅमॉ पुटपुटली.

"मॅमॉ, पुरे!" मी म्हणाले. ओपलला उचलून गाडीत घातलं आणि गावातल्या डॉक्टर विलांकडे नेलं. मॅमॉही मागून आली.

डॉक्टरबाईंनी गुडघ्याला हातही लावला नाही. "चार पावलं चालून दाखव, सोन्या."

ओपल चालली. उजवं पाऊल बाहेर वळलेलं. बाईंनी तिला निजवून मांडी पोटाकडे वाकवली, तर पाय आपोआप बाहेरच्या बाजूला गेला. बाईंचा चेहरा बदलला.

"खुबा कुणी तपासला होता?"

"नाही. दुखतो गुडघा ना..."

"दुखतो गुडघा, आजार खुब्यात. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा जागचा सरकत असणार. आता हिनं जमिनीवर पाऊलही टाकायचं नाही. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर खुबा कायमचा जाईल."

"काल... काल ती धावली." मी म्हणाले. "तंबूत तिचा पाय वाढला म्हणून."

खुब्याचा एक्स-रे आला. गोळा सरकलेलाच होता. अँब्युलन्सची वाट बघताना डॉक्टरबाई मॅमॉपुढे बसल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही बूट हातात धरले. "अहो, तुमचाही उजवा पाय आखूड आहे की!"

"काहीतरीच! चौसष्ट वर्षं चालतेय मी त्यावर!"

पण मलाही दिसत होतं, बोटभर आखूड. बाईंनी हात हलवला आणि पाय जुळले.

"आता नीट बघा. डावा बूट मी टाचेवरून हळूच बोटभर खाली ओढला होता. डावा लांब दिसला, म्हणून उजवा आखूड वाटला. मग तोच बूट परत दाबला. पाय तिथल्या तिथेच आहे." त्यांनी सुस्कारा सोडला. "ओपलचा पाय या आजारानं खरंच थोडा आखूड झालाय. पण त्या ब्रदरला पायाशी काय घेणं? तो बूट बघत होता."

त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात तिच्या खुब्यात स्क्रू बसवला. गोळा वाचला. "थोडक्यात वाचलात," सर्जन म्हणाले.

पुढच्या रविवारी मॅमॉ तंबूत उभी राहिली. "ब्रदर, माझा पाय वाढवा. अनवाणी."

"भगिनी, आज... आज पवित्र आत्म्याचा रोख कर्णरोगांकडे आहे."

"बूट काढले की आत्मा पळतो वाटतं?" मॅमॉनं विचारलं. मागून कुणीतरी खिदळलं. बरीच माणसं उठून गेली. सगळी नाही.

म्हणून सांगते. चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, बूट काढून दाखव. आणि डॉक्टर कितीही घाईत असोत, म्हणा, माझ्या लेकराला एकदा चालवून बघा, दुखतं त्याच्या वरचा सांधाही बघा. विचारण्यात लाज नाही. मी तीन महिने लाजले, आणि तिन्ही महिने ते हाड सरकत होतं.