गाल कळणारा हात

सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या. दारालगतची मेहुण्याची आणि आतली, खिडकीजवळची, दाजींची. मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा, ते ऐकून गिऱ्हाइकंही म्हणू लागली आणि बघता बघता ते अख्ख्या रस्त्याचे दाजी झाले. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंही "दाजी, जरा मिशी बघा" म्हणत. बायको म्हणायची, मला एवढे भाऊ आहेत हे आईनं कधी सांगितलंच नाही.

बावीस वर्षं दाजींनी दाढ्या केल्या. वस्तरा उजव्या हातात असतो, म्हणून लोकांना वाटतं की दाढी उजवा हात करतो. खरं काम डाव्याचं. कातडी किती ताणायची, हनुवटीखाली खड्डा कुठे आहे, केस कुठल्या अंगाला वळलेत, हे डाव्या बोटांना आधी कळतं. वस्तरा नुसता मागून येतो. नेमका तोच हात बसच्या अपघातात गेला. शेजारून ट्रक घासत गेला, खिडकीचा पत्रा आत आला, आणि चार दिवस प्रयत्न करून झाल्यावर डॉक्टरांनी कोपराखाली वीतभर ठेवून बाकीचा काढून टाकला.

जखम भरली, पण गेलेला हात काही जाईना. त्याची मूठ सारखी आवळलेली असायची आणि नखं तळव्यात रुतायची. ना नखं होती, ना तळवा. दाजींनी हे कोणाला सांगितलं नाही. हात तर गेलाच, आता डोकंही गेलं, असं लोकांनी म्हणायला नको. शेवटी पुनर्वसन केंद्रातल्या थेरपिस्ट बाईंनीच एकदा विचारलं, "मूठ उघडते का तुमची?" आणि दाजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बाईंनी टेबलावर मधोमध आरसा उभा केला. उरलेला डावा हात आरशामागे ठेवायचा, उजवा समोर. उजव्याची मूठ सावकाश उघडायची आणि आरशात बघत राहायचं. तिथे डावाच उघडतोय असं दिसतं. दाजींचा जन्म आरशासमोर गेलेला, पण त्यात बघायचं ते दुसऱ्याचं तोंड. सहाव्या दिवशी आरशातली बोटं उघडली आणि त्यांच्याबरोबर ती नसलेलीही उघडली. त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती उठली, कपाटाच्या दाराचा आरसा स्क्रू काढून उतरवला आणि टेबलावर आणून ठेवला.

मग कातडीची शाळा सुरू झाली. हाताच्या टोकाला आधी फुंकरही सोसत नव्हती. बायको रोज सकाळी तिथे कापूस फिरवायची, मग मऊ टॉवेल, मग खरखरीत. महिन्याभरात गोणपाट चालू लागलं. त्यानंतर केंद्रातल्या टेक्निशियननं माप घेऊन विजेवर चालणारा हात बनवला. आतल्या बाजूला दोन चकत्या कातडीला टेकलेल्या असायच्या. स्नायू आवळला की त्यांना समजायचं आणि बोटं मिटायची. स्पंज धरणं दोन दिवसांत जमलं. कागदी पेल्याला आठवडा लागला. अंडी सात फुटली. त्यानंतर दाजींनी स्वतःच फुगे मागवले. कृत्रिम हातानं फुगा धरायचा, त्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं उतरवायचा. अठरा फुगे फुटले. दर आवाजाला शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून जायची. एकोणिसावा गुळगुळीत झाला, तेव्हा टेक्निशियननं त्याचा फोटो काढून भिंतीवर लावला. त्या हातावर त्याचा भारी जीव होता.

आठ महिन्यांनी दाजी सलूनमध्ये परतले. मेहुण्यानं खिडकीजवळची खुर्ची रोज पुसून ठेवली होती. लोक आले, हात जोडून भेटले, नवीन बोटांची उघडझाप बघून थक्क झाले. बसायला मात्र कोणी तयार होईना. जी माणसं एरवी "पाच मिनिटांत करा" म्हणून मागे लागत, त्यांना आता वेळच वेळ होता. "घाई नाही, मी थांबतो," म्हणत ती बाकावर बसायची आणि मेहुण्याच्या खुर्चीकडे बघत राहायची. मेहुणा खाली मान घालून काम करायचा. दाजींचा त्याच्यावर राग नव्हता, पण एका संध्याकाळी ते कंगव्यांच्या जागेवरून त्याला नको ते बोलले. मेहुण्यानं ऐकून घेतलं. त्यामुळे दाजींना आणखीच वाईट वाटलं.

बाराव्या दिवशी समोरच्या दुकानातले घड्याळजी आले. वय पंचाहत्तर, बोलणं मोजकं. बाकाकडे न बघता ते सरळ दाजींच्या खुर्चीत बसले आणि मान मागे टाकली.

दाजींनी फेस केला, पातं बदललं, श्वास घेतला. कृत्रिम बोटं गालावर ठेवली. कानाजवळ मोटरचा बारीक गुर्र आवाज झाला. घड्याळजींचा गाल दचकला. दाजींनी कातडी ताणली. ती नेमकी किती ताणली गेली ते त्यांना डोळ्यांनी बघावं लागत होतं. वस्तरा दोनदा सरळ उतरला, तिसऱ्यांदा अडखळला. रक्त नाही आलं, पण दोघांनाही ते कळलं.

"थांब," घड्याळजी म्हणाले. त्यांनी ते मनगट धरून, चष्मा वर करून सगळ्या बाजूंनी निरखलं. "काम झकास आहे. ज्यानं केलंय तो कारागीर आहे. पण याला माझा गाल कळत नाही, दाजी. तुला कळतोय का?"

"नाही," दाजी म्हणाले.

"आणि गार आहे. काढ ते."

"मग ताणू कशानं?"

"आतला हात आहे ना तुझा?"

मेहुण्याची कात्री थांबली. बाकावरच्या दोघांनी वर्तमानपत्र खाली केलं. आतापर्यंत तो उरलेला हात घराबाहेर फक्त केंद्रातल्या माणसांनी पाहिला होता. दाजी बेसिनकडे गेले. त्यांनी हात उतरवला, आतला मोजा काढला आणि टोक साबणानं दोनदा धुऊन पुसलं. ते खुर्चीशी परत आले. मग उरलेल्या हाताचं टोक घड्याळजींच्या गालफडावर टेकवून हलकेच वर ओढलं.

गाल ऊबदार होता. आतलं हाड लागलं, दाढ पडलेल्या जागेचा खळगा लागला, केस खालून वर वळलेले समजले. इतके महिने त्या कातडीनं कापूस आणि गोणपाट ओळखलं होतं. आज तिला माणूस लागला. वस्तरा सरळ खाली आला, अडखळला नाही.  हनुवटीखालचा अवघड भाग त्यांनी सर्वांत शेवटी केला.

घड्याळजींनी गालावरून हात फिरवला, रोजच्यासारखे पैसे ठेवले आणि "परवा येतो" म्हणून निघून गेले.

सगळे काही लगेच आले नाहीत. एका गिऱ्हाइकानं अंग चोरून स्पष्टच सांगितलं की मला ते जमायचं नाही. दाजींनी त्याला मेहुण्याकडे बसवलं. पण महिन्याभरात त्यांच्या खुर्चीची ठरलेली आठ-दहा माणसं झाली.

टेक्निशियनला हे सांगणं मात्र दाजींना जड गेलं. तो ऐकताना खाली बघत होता. त्यानं विचारलं, हात परत करणार का? दाजी म्हणाले, छे, शर्टाची बटणं, सायकल, बाजारातली पिशवी, सगळं त्याच्यावरच चालतं. फक्त गालाला तो नको. टेक्निशियन बराच वेळ पेन्सिल चघळत बसला. मग त्यानं दाजींना अर्धा तास हवेतच दाढी आणि कटिंग करायला लावली आणि कागदावर काहीबाही काढलं.

तीन आठवड्यांनी त्यानं नवीन वस्तू दिली. कोपराखाली बसणारं हलकं कवच, पुढचं तोंड उघडं, म्हणजे कातडीचं टोक मोकळं. वरच्या बाजूला कंगव्यासाठी खाच. उजव्या अंगठ्यानं खटका दाबला की कंगवा पुढे येई, पुन्हा दाबला की मागे जाई. दाढीला टोक, कटिंगला कंगवा. असं कृत्रिम हातांच्या कुठल्या यादीत नाही, तो म्हणाला, आता घालतो. दाजींनी केंद्रातच बाईंच्या एका सहायकाचे केस कापून दाखवले. मागची बाजू थोडी वरखाली झाली, पण सहायक सज्जन होता.

पुढच्या आठवड्यात टेक्निशियन सलूनमध्ये आला. कवच काम करताना नेमकं कुठे घासतं ते त्याला बघायचं होतं. वही मांडीवर, पेन्सिल हातात घेऊन तो दाजींच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, तुम्ही दाढी करा, मी खुणा करतो. पहिली खूण त्यानं केली, दुसरीही केली. दाजी उजव्या गालावरून गळ्याकडे आले तोवर त्याची मान सैल पडली होती आणि तो संथ घोरत होता.

दाजींनी दाढी पुरी केली, तुरटी फिरवली, टॉवेल गळ्याशी नीट सारखा केला. बाकावर एक गिऱ्हाईक थांबलं होतं. मेहुणा म्हणाला, इकडे या, माझी खुर्ची मोकळी आहे.

"राहू द्या," गिऱ्हाईक म्हणालं. "झोपू द्या त्यांना. मी दाजींकडेच बसणार आहे."