कागदावरची पडीत

मध्य प्रदेशातल्या बोरगावच्या वरच्या अंगाला खडकाळ टेकडी आहे. १९८५ च्या पावसाळ्यात सरकारनं तिथं नीलगिरी लावली. शांताबाई त्या कामावर होती. नवरा वारलेला, पोरगी लग्न होऊन मोहगावला गेलेली. मिळेल त्या शेतात मजुरी करून ती एकटीच राहायची. रोपं रांगेत लागली, पाटी रोवली, साहेब निघून गेले. होळीपर्यंत एकही रोप जिवंत नव्हतं.

रिकामे खड्डे पाहून तिला राहवलं नाही. नाल्याकाठच्या करंजाच्या शेंगा वेचून तिनं बिया पेरल्या, पावसाळ्यात कडुनिंबाच्याही. कुणी सांगितलं नव्हतं, मजुरीही नव्हती. पुढचे दोन उन्हाळे कामावरून परतताना ती नाल्यातून पाण्याची घागर भरून वर न्यायची. बकऱ्या येऊ नयेत म्हणून बोरीच्या काट्या लावायची. बाया हसल्या. काहींनी नंतर हातही लावला. तीन वर्षांत तिथं छातीला लागतील अशी दीडशेच्या वर झाडं उभी राहिली.

उत्तम तिच्याच वस्तीतला, शिकून वनरक्षक झालेला. तो येता-जाता ती झाडं पाहायचा आणि वर कळवतो म्हणायचा. त्यानं खरंच कळवलं होतं. उत्तर आलं नाही.

८९ च्या मे महिन्यात तालुक्याच्या गावी सौसरला भोपाळहून मोठे अधिकारी आले. शाळेच्या मैदानात त्यांनी भाषण केलं. कारखान्यांच्या धुरातल्या वायूनं जग तापू लागलंय, झाडं हवेतला तो वायू ओढून घेतात, म्हणून देशातली पडीत जमीन हिरवी करायचं दिल्लीनं ठरवलं आहे, असं ते म्हणाले. शांताबाई बायांमध्ये बसून ऐकत होती. आपली झाडंही तेच करत असतील, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी जाताना तिची मान जरा ताठ होती.

आठ दिवसांनी उत्तम दारात आला. आत ये म्हटलं तरी उभाच राहिला. नवी योजना याच टेकडीवर मंजूर झाली होती. पण ती फक्त पडीत जमिनीसाठी होती, आणि पाहणीला येणाऱ्या साहेबांना जमीन मोकळी दिसायला हवी होती.

"मंग झाडं हायेत ना तिथं," शांताबाई म्हणाली.

"कागदावर नाहीत, मावशी. कागदावर ते पडीतच हाये. झाडं दिसली तर योजना दुसऱ्या तालुक्यात जाते."

"तर जाऊ दे."

"माह्या हातात नाही व."

मग तिनं विचारलं, पुन्हा काय लावणार. नीलगिरीच, तो खाली पाहत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याहून मजूर आले. शांताबाई सकाळपासून टेकडीवर बसून होती. उत्तमनं तिला घरी जायला सांगितलं, ती हलली नाही. कोवळी झाडं सहज तुटली. मुळं मात्र खोल गेली होती, त्यांना कुदळी माराव्या लागल्या. एका मजुरानं तिला गावातली समजून, ही कोणी लावली होती, असं विचारलं. तिनं सांगितलं नाही. दुपारी ती उठली, तुटलेल्या फांद्यांची मोळी बांधली आणि डोक्यावर घेऊन उतरली. ओल्या लाकडाचा धूर दोन दिवस तिच्या घरात भरून राहिला.

जुलैत नीलगिरी लागली, फोटो निघाले. पुढच्या उन्हाळ्यात ती वाळली. त्यानंतरच्या पावसाळ्यात उत्तम पुन्हा आला. पाहणी होणार होती, काही तरी हिरवं दिसायला हवं होतं. मावशीनं पुन्हा बिया टाकाव्यात, यावेळी मजुरी देतो, असं तो आर्जवानं म्हणाला.

"लेका, तुह्यासंगं भांडण नाही माहं," ती म्हणाली. "पण आता मी तिकडं येत नाही."

तो सायकल घेऊन गेला. शांताबाईनं भाकर फडक्यात बांधली आणि बायांबरोबर कापसाच्या वावरात निंदणाला निघाली. टेकडीवरून जवळचा रस्ता होता. ती नाल्यानं गेली.