आय बरोबर आय

मुख्याध्यापिका वाइमोआना बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं, ई चा एक्स घात गुणिले साइन एक्स, याचं संकलन करा, आणि पहिल्या बाकावर हात बांधून बसल्या.

"एकेक पायरी, मोठ्यानं बोलत. समोर मुली बसल्यात असं समज. आणि सिएनी, फळा सोडलास की परीक्षा संपली."

सामोआतल्या आपिया शहराच्या या शाळेत गणित शिक्षिकेची जागा एकच होती. मागच्या वर्षी मी याच फळ्यासमोर नापास झाले होते.

बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली सासूबाई माझ्या लेकीला, पेनिनाला, खांद्यावर घेऊन फिरत होत्या. पहाटेच तिला ताप भरला होता. मागच्या तापात आकडी आली होती, म्हणून माझा एक कान तिच्या रडण्याकडे. रडतेय तोवर ठीक.

"मूळ गणिताला आय म्हणू. साइनचं विकलन, ई च्या घाताचं संकलन." साइन गेला, कॉस आला. "आता पुन्हा तेच, कॉसवर."

खडू धावला आणि अडला. सगळं एकमेकांत कटून खाली उरलं होतं: आय बरोबर आय.

"हे आमच्या घरच्या डुकरांनाही ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात रडणं थांबलं.

"बाई, खिडकीशी जाऊ?" मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खडू हातात राहू दे. तोवर फळा सोडला असं मी धरत नाही."

"आई! काय झालं?" मी खिडकीतून सासूबाईंना हाक मारली.

"ओरडू नकोस गं! आत्ता डोळा लागलाय. घाम फुटून ताप उतरलाय, माझा खांदा भिजला बघ. तू तुझं कर."

पेनिनाची मान लोंबत होती. तिची पाठ वर-खाली होताना दिसली, तेव्हाच मी वळले.

आणि लांबून सगळा फळा एकदम दिसला. पहिल्या पायरीत विकलन साइनचं, दुसरीत मात्र ई च्या घाताचं. विणलेलं मीच उसवत होते.

तळहातानं पुसलं.

"मध्येच बाजू बदलायची नाही. मुली इथंच फसतात, मी आत्ता फसले तशा." आता विकलन कॉसचं. आय परत आला, पण वजा चिन्ह घेऊन. "म्हणून तो डावीकडे नेता येतो. झाले दोन आय. शेवटी दोननं भागायचं."

बाई खाकरल्या. मी घाईनं विसरलेला स्थिरांक, अधिक सी, लिहिला.

"जा पोरीकडे."

दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, "आणि सोमवारी डस्टर घेऊन ये. माझ्या शाळेतल्या शिक्षिका तळहातानं फळा पुसत नाहीत."