मोनाच्या डोळ्यातले किडे

पार्वताबाईंच्या क्वार्टरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. फॅक्टरीची अर्धी वसाहत तिथे लोटली होती. सिहोऱ्याहून आलेल्या शालिग्राम महाराजांनी सात वर्षांच्या मोनाच्या लाल डोळ्याला पोकळ नळी लावली, दुसऱ्या टोकाने चोखले आणि वाटीत थुंकले. पांढुरके, काळ्या पोटाचे किडे!

"जय हो!" गर्दी ओरडली.

"गाल का कीड़ा आँख में चढ़ा है. अभी और हैं," महाराज गरजले. "पूजा पूरी होने तक बच्ची बाहर गई, तो दूसरी आँख भी जाएगी!"

मोनाची गालफुगी उतरली तोच डोळा लाल झाला होता. उजेड सोसवेना, सगळं धुरकट दिसे. तिची आई प्रतिमा भिंतीला टेकून उभी होती. दारात बायका दाटलेल्या. नवरा जगदीश फॅक्टरीत कामावर. तिथे मोबाइल नेता येत नाही.

"आई, डॉक्टरकडे नेते ना हिला," ती सासूला म्हणाली.

"डॉक्टर-डॉक्टर काहून करून राहिली? आंधळी करतेस का पोरीले?" पार्वताबाई कडाडल्या.

प्रतिमाचा महाराजावर विश्वास नव्हता. तरी पाय उचलेना. खरंच काही झालं तर?

मोनाने तिचा पदर ओढला. "आई, बाबाजीने आधी मुँह में कुछ रखा. मी या चांगल्या डोळ्यानं पाहिलं."

प्रतिमाने तांब्या उचलला. "महाराज, चूळ भरा, मग काढा किडे."

"मंत्र बह जाएगा!"

"भरा ना जी," पार्वताबाईच भाबडेपणाने म्हणाल्या. "हिचं तोंड तरी बंद होईल."

महाराज घाईघाईने तोंडातलं गिळू गेले. ठसका लागला आणि फरशीवर किड्यांचा सडा पडला. प्रतिमाने एक चिमटीत धरून चिरडला. वरचा बुळबुळीत थर निसटला, आत काळं बी.

"सब्जा आहे हा! बडा फुहाऱ्याच्या बाजारात फालुद्यात खातो तो, भिजवलेला!"

प्रतिमाने मोनाला कडेवर घेतलं. दारातल्या बायका बाजूला सरल्या. पार्वताबाई अनवाणीच मागे धावल्या.

"गालफुगी विषाणूने होते," दवाखान्यात डॉक्टर विनीता डोळा तपासून म्हणाल्या. "क्वचित त्यामुळे डोळ्यालाही सूज येते. कधी बुबुळाला, कधी मागच्या नसेला. वेळेत उपचार झाले तर बहुतेकदा नजर परत येते. हा ओरखडा कशाचा?"

"नळीचा," पार्वताबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

ओरखडा भरला, सूजही हळूहळू ओसरली. मोनाला पुन्हा स्पष्ट दिसू लागलं. पण प्रत्येक मूल इतकं सुदैवी नसतं. गालफुगीनंतर डोळा लाल झाला, दुखला, धूसर दिसू लागलं, तर चमत्काराची वाट पाहू नका. लगेच डॉक्टर गाठा. आणि तुम्हाला कुणी भीती घालून घरात अडकवत असेल, तर आधी त्याला प्रश्न विचारा.